जॉन शाइड आणि आर्वाल बंधूंचे शिलालेख : एकाच देवराईत चाळीस वर्षं

शिलाशोध

प्राचीन रोमच्या धर्मावर लिहिणाऱ्यांची रांग मोठी आहे. गेओर्ग विसोवा, मिथ्रसवाला फ्रांत्स क्यूमाँ, ज्यॉर्ज द्युमेझिल, लिली रॉस टेलर. या सगळ्यांत अभ्यासाची पद्धत म्हणून शिकण्यासारखी वाट मला जॉन शाइड यांची वाटते. ती वाट इथे उलगडून पाहावी, म्हणून हा धागा.

जन्म १९४६, लक्झेंबर्ग. कारकीर्द फ्रान्समध्ये. १९७४ ते १९७७ रोममधल्या एकोल फ्रान्सेझचे सदस्य, १९७७ ते १९८३ लील विद्यापीठात प्राचीन इतिहासाचे अध्यापक, १९८३ पासून पॅरिसच्या एकोल प्रातिक दे ओत झेत्यूदमध्ये अभ्याससंचालक, आणि २००१ ते २०१६ कॉलेज द फ्रान्समध्ये ‘प्राचीन रोममधील धर्म, संस्था आणि समाज’ या अध्यासनावर प्राध्यापक.

पदांची ही यादी कुठेही मिळेल. खरी गंमत पुस्तकांच्या क्रमात आहे. १९७५ चं पहिलं पुस्तक ज्युलिओ-क्लॉडियन सम्राटांच्या (ऑगस्टस ते नीरो) काळातल्या आर्वाल बंधू या रोमन पुरोहितमंडळाच्या भरतीवर : कोण निवडले गेले, कुठल्या घराण्यांतले होते. त्याच वर्षी रोमजवळ ला माल्याना इथे, बंधूंच्या देवराईच्या जागी, उत्खनन सुरू झालं. १९८७ मध्ये तिथल्या स्नानगृहाचा अहवाल आला, वास्तुविद् आंरी ब्रुआझ यांच्यासोबत. १९९० मध्ये दोन पुस्तकं, एक इ.स. ६९ ते ३०४ मधल्या सदस्यांवर आणि दुसरं ‘रोम्युलस आणि त्याचे भाऊ’ हा बंधूंच्या विधींवरचा मोठा ग्रंथ. १९९८ मध्ये बंधूंच्या सगळ्या शिलालेखांची नवी संहिता, फ्रेंच अनुवाद आणि टीपांसह. आणि एवढं झाल्यावर २००५ मध्ये रोमन यज्ञविधींबद्दलचं व्यापक विधान करणारं पुस्तक, ज्याच्या नावाचा अर्थ साधारण ‘करणं हेच मानणं’ असा आहे.

म्हणजे आधी माणसं, मग जागा, मग विधी, मग संहिता आणि शेवटी सिद्धान्त. बहुतेकांचा प्रवास याच्या उलट होतो. सिद्धान्त आधी ठरतो आणि त्याला पुरावे शोधले जातात.

गोदाकाठ

धागा आवडला. पण हे आर्वाल बंधू नक्की कोण? बारा पुरोहितांचं मंडळ एवढंच माहीत आहे.

शिलाशोध

बारा सदस्य, तहहयात. जागा रिकामी झाली की उरलेले मिळून नवा निवडत. सम्राट स्वतः सदस्य असे, त्यामुळे त्याची शिफारस आली की निवड ठरल्यातच जमा. कथा अशी की आक्का लारेन्तियाला बारा मुलगे होते, त्यातला एक वारला आणि त्याच्या जागी रोम्युलस आला. १९९० च्या ग्रंथाचं नाव याच कथेवरून आहे. डोक्यावर गव्हाच्या ओंब्यांचा मुकुट आणि पांढऱ्या फिती, ही त्यांची खूण.

प्रत्यक्षात हे मंडळ ऑगस्टसने नव्याने उभं केलं. आपण आर्वाल बंधू होतो हे त्याने आपल्या आत्मवृत्तात, म्हणजे अंकाराच्या देवळाच्या भिंतीवर लॅटिन आणि ग्रीकमध्ये कोरलेल्या लेखात, सांगितलं आहे. त्या लेखाचीही संहिता शाइड यांनी २००७ मध्ये काढली. वरवर वेगळा विषय दिसतो, पण धागा तोच.

मंडळाचं काम देआ दिआ या देवीची पूजा. तिचं स्थान रोमबाहेर व्हिया कांपानावर पाचव्या मैलावर. लॅटिन शब्द ‘लूकुस’. याला मराठीत देवराई म्हणायला हरकत नाही : देवीच्या मालकीची झाडं, कुऱ्हाड लावायची नाही, लावावी लागली तर आधी प्रायश्चित्त. तीच जागा आज ला माल्याना.

वर्षाचा उत्सव मे महिन्यात तीन दिवसांचा. तारखा १७, १९, २० किंवा २७, २९, ३०. कुठल्या, ते जानेवारीत जाहीर होई. पहिला आणि तिसरा दिवस रोममध्ये मंडळप्रमुखाच्या घरी, दुसरा देवराईत.

पहिल्या दिवशी जुनं वाळलेलं धान्य, नवं हिरवं धान्य आणि तमालपत्रासारख्या लॉरेलच्या पानांनी सजवलेल्या भाकऱ्या यांना बंधू हात लावत, देवीला सुगंधी तेल लावत. मग जेवण. आई आणि वडील दोघंही हयात असलेले सिनेटरांचे चार मुलगे नैवेद्य नेण्याआणण्याला असत. शेवटी प्रत्येकाला शंभर देनारी, म्हणजे चांदीची नाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमुख आधी दोन डुकरिणींचा बळी देई. हे प्रायश्चित्त, देवराईतली झाडं छाटावी लागणार आणि काम करावं लागणार म्हणून. मग देवीला मान म्हणून पांढरी गाय. त्यानंतर सगळे जमले की पुष्ट कोकरी, हा मुख्य यज्ञ. पुढे देवळात मडक्यांची पूजा होई आणि ती मडकी दारातून उतारावर फेकली जात. मग दार बंद करून गाणं आणि नाच. दुपारनंतर शर्यती.

हे सगळं कळतं कारण मंडळ दरवर्षी आपल्या कामाची नोंद संगमरवरावर कोरून त्या देवराईतच लावत होतं. इ.स.पू. २१ ते इ.स. ३०४ एवढ्या काळातले तुकडे हाती आहेत. रोममधल्या दुसऱ्या कुठल्याही पुरोहितमंडळाचं इतकं सलग दप्तर उरलेलं नाही.

ठसेकर

एक भर. हे लेख शाइड यांनी शोधून काढलेले नाहीत, हे नवीन वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं. तुकडे १५७० पासून वर येत होते. गाएतानो मारीनीने १७९५ मध्ये तोवरचे सगळे छापले. १८६६ ते १८६९ मध्ये चेकारेल्ली मळ्यात मोठं खोदकाम झालं आणि विल्हेल्म हेन्त्सेनने १८७४ मध्ये बर्लिनला संहिता छापली. पुढची सव्वाशे वर्षं सगळे हेन्त्सेनच वाचत होते.

मग नव्या संहितेची गरज काय? कारण तुकड्यांचं काम कधी संपत नाही. संगमरवर उत्तम बांधकामसाहित्य. लाद्या फोडून फरशीत, भिंतीत, थडग्यांत वापरल्या गेल्या. काही चुन्याच्या भट्टीत गेल्या. नवा तुकडा मिळाला की जुन्या दहा तुकड्यांची जागा बदलते.

तुकडा जोडताना काय पाहतात : लादीची जाडी, मागची बाजू घासलेली की खडबडीत, ओळीची उंची, दोन ओळींमधलं अंतर, अक्षरांची घडण, कडेला समास आहे का. मजकूर जुळतो म्हणून तुकडा जोडणं हे सगळ्यात शेवटचं कारण, पहिलं नव्हे. कारण आर्वाल लेखांत तेच तेच वाक्य दर वर्षी येतं. मजकूर दहा ठिकाणी जुळेल.

वर्ष ठरवायला कॉन्सुलांची, म्हणजे त्या वर्षीच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांची, नावं. ती फुटली असतील तर सम्राटाच्या बिरुदांतला ट्रिब्यूनपदाचा दरवर्षी वाढणारा आकडा, तोही नसेल तर मंडळप्रमुखाचं नाव आणि हजर सदस्यांची यादी. इथे १९७५ चं आणि १९९० चं माणसांवरचं काम उपयोगी पडलं. अमुक माणूस मंडळात कधी आला, कधी वारला हे माहीत असलं की अर्ध्या नावाचा तुकडासुद्धा पाच-दहा वर्षांच्या पट्ट्यात बसवता येतो. क्रम का महत्त्वाचा, ते यातून दिसतं.

अजून एक बारकावा. प्रमुखाचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नसे, डिसेंबरातल्या सातुर्नालिया या सणापासून पुढच्या सातुर्नालियापर्यंत असे. कॉन्सुलाचं वर्ष आणि प्रमुखाचं वर्ष एकच धरलं की डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांतल्या नोंदी चुकीच्या माणसाच्या नावावर जातात.

लेकुरवाळी

ठसा कसा घेतात तिकडे? आपल्याकडे शाईचा ठसा पाहिला आहे.

ठसेकर

दोन्ही पद्धती सख्ख्या बहिणी. आपल्याकडे भिजवलेला कागद दगडावर चोपून बसवतात आणि वरून शाईचा बोळा फिरवतात, खोदलेलं अक्षर पांढरं राहतं. युरोपात बहुधा शाई नसते. दगड स्वच्छ करायचा, जाड गाळणकागद भिजवून पसरायचा, ताठ केसांच्या ब्रशने मधून कडेकडे मारत जायचं म्हणजे हवेचे फुगे निघतात, आणि कागद जागेवरच वाळू द्यायचा. वाळल्यावर काढला की मागच्या बाजूला अक्षरं उलटी आणि उठावाची दिसतात. दिवा आडवा धरून वाचायचं.

चुका ठरलेल्या. ओला असतानाच कागद ओढला तर अक्षराचा उठाव बसतो. फुगा राहिला तर तिथलं अक्षर गेलं. आणि खाचेत जुना लाल रंग उरला असेल तर ठसा घ्यायचाच नाही, रंग कागदाबरोबर निघून येतो. रोमन कोरक्ये अक्षरांत लाल रंग भरत, तो पुरावा एकदा गेला की गेला. दगड भुसभुशीत झाला असेल तरीही फोटोवरच भागवावं.

लूकुस

आता एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण शाइड यांची पद्धत तिच्यात पुरती दिसते.

इ.स. १८३. देआ दिआच्या देवळाच्या शिखरावर अंजिराचं झाड उगवलं. आपल्याकडे पडक्या देवळावर पिंपळ उगवतो तसंच. मुळं बांधकाम फोडणार, झाड काढायला हवं. पण जागा देवीची, झाड देवीचं. फेब्रुवारीत काम सुरू करण्याआधी आणि मे महिन्यात काम पुरं झाल्यावर मोठं प्रायश्चित्त झालं. त्याची यादी दगडावर आहे.

आधी डुक्कर, मेंढा आणि बैल असा तिहेरी बळी. मग देआ दिआला दोन गायी. यानुसला दोन मेंढे. ज्युपिटरला दोन खच्ची मेंढे. मार्सला दोन मेंढे. मग ‘देव असो वा देवी’ अशा अनामिकाला दोन मेंढ्या, लारेस या जागेच्या रक्षक देवांना दोन खच्ची मेंढे, लारेसच्या आईला दोन मेंढ्या, ही देवराई ज्याच्या किंवा जिच्या रक्षणाखाली आहे त्या देवतेला दोन मेंढ्या, झऱ्याच्या देवाला, फ्लोराला, वेस्ताला. आणि त्यानंतर आदोलेंदा, कॉम्मोलांदा, देफेरुंदा यांना मिळून दोन मेंढ्या. शेवटी सम्राटाच्या गेनियुसला, म्हणजे त्याच्या रक्षक दैवताला, बैल, आणि देवपद मिळालेल्या सोळा दिवंगतांना सोळा खच्ची मेंढे.

ही तीन नावं बघा. देफेरुंदा म्हणजे खाली उतरवणं, कॉम्मोलांदा म्हणजे तुकडे करणं, आदोलेंदा म्हणजे जाळणं. झाड शिखरावरून उतरवलं, तोडलं, जाळलं. कामाच्या प्रत्येक टप्प्याला एक देवता. २२४ मध्ये वीज पडून देवराईतली झाडं जळाली, तेव्हाच्या यादीत आदोलेंदा आणि कोइन्क्वेंदा येतात, जाळणं आणि छाटणं. शिखरावरून काही उतरवायचं नव्हतं म्हणून देफेरुंदाचं नाव नाही.

हेर्मान उझेनरने १८९६ मध्ये या नावांवरून सिद्धान्त मांडला की माणसाच्या मनात आधी असे क्षणापुरते, एकेका क्रियेचे देव जन्मले आणि मोठे देव मागाहून झाले. शाइड यांनी फक्त एक केलं. नाव यादीतून उचलून काढलं नाही, यादी सबंध वाचली. मग दिसतं की या देवता यादीच्या शेवटाकडे आहेत, तिघींत मिळून दोनच मेंढ्या आहेत, आणि सगळ्यात वर देआ दिआ आहे, तिला गायी. म्हणजे हा धर्माच्या उगमाचा अवशेष नाही, ही मानाची उतरंड आहे. जागेची मालकीण सगळ्यात मोठी, आणि तिच्या हुकमतीखाली होणाऱ्या कामाचे टप्पे सगळ्यात खाली. बळीचा प्रकार आणि संख्या हीच इथली देवशास्त्राची भाषा. प्रवचन कुठेच नाही, पण विचार आहे आणि तो नेमका आहे.

ज्युपिटरला खच्ची आणि मार्सला न खच्ची केलेला, हा फरकही असाच. ३ जानेवारीला सम्राटाच्या क्षेमासाठी नवस फेडत आणि नवे बोलत, तिथेही ज्युपिटरला खच्ची बैल, ज्युनो, मिनर्व्हा आणि क्षेमाची देवी सालुस यांना गाय. देवाला नर, देवीला मादी हा ढोबळ नियम सगळ्यांना ठाऊक असतो. खच्ची की नाही इकडे कमी जण बघतात.

गोदाकाठ

‘देव असो वा देवी’ हे फार सुंदर आहे. आपल्या प्रायश्चित्त-विधीत ज्ञात-अज्ञात दोषांचा उल्लेख येतो त्याची आठवण झाली.

एक विचारतो. द्युमेझिलने रोमन आणि वैदिक विधींची तुलना केली होती ना? अश्वमेध आणि रोमचा ऑक्टोबरचा घोडा, सौत्रामणी आणि तो डुक्कर-मेंढा-बैल बळी. पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाच्या श्रौतकोशासारखं साधन हाताशी असताना मराठी वाचकाला ही तुलना सोपी नाही का?

शिलाशोध

केली होती, आणि प्रश्न रास्त आहे. द्युमेझिल १९४९ ते १९६८ कॉलेज द फ्रान्समध्ये होता, त्याचा रोमन धर्मावरचा ग्रंथ १९६६ चा. श्रौत वाङ्मय माहीत असलेल्याला तो वाचायला हवाच. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

एक, द्युमेझिलचा प्रश्न होता की दोन्ही परंपरांच्या मागे समान इंडो-युरोपीय वारसा कोणता. शाइड यांचा प्रश्न आहे की इ.स. १८३ मध्ये त्या डोंगरावर ही माणसं काय करत होती आणि त्या करण्यातून काय म्हणत होती. पहिल्या प्रश्नात रोम साधन होतं, दुसऱ्यात रोम हाच विषय.

दोन, शब्दांवरून उडी मारू नका. फ्लामेन (रोमन पुरोहिताचा एक प्रकार) आणि ब्रह्मन् हे शब्द एकच, हे द्युमेझिलचं १९३५ चं समीकरण. भाषाशास्त्रात ते टिकलेलं नाही, पण अजून लेखांत सर्रास फिरतं.

श्रौत वाचणाऱ्याला खरा फायदा मिळतो तो वेगळाच. विधीचे तपशील कंटाळवाणे न वाटणं. कुठलं द्रव्य, किती, कुणाच्या हाताने, आधी काय आणि नंतर काय, हे प्रश्न त्याला आपोआप पडतात. पाश्चात्त्य अभ्यासकांच्या कित्येक पिढ्यांना हे प्रश्न पडलेच नाहीत. त्यांना हा सगळा पोकळ कर्मकांडाचा पसारा वाटला.

लेकुरवाळी

मग ‘प्रसाद’ हा शब्द रोमन यज्ञानंतरच्या जेवणाला वापरता येईल का? भाषांतर करताना हाच शब्द पहिल्यांदा सुचतो.

लूकुस

वापरू नये असं माझं मत. पायऱ्या बघा म्हणजे कळेल.

सुरुवात धूप आणि द्राक्षासवाने, शेजारच्या छोट्या अग्नीवर. ही देवांना वंदन करून आमंत्रणाची पायरी. मग मूळ क्रिया : जनावराच्या पाठीवर ‘मोला साल्सा’ भुरभुरायची, म्हणजे वेस्ताच्या कुमारिकांनी केलेलं भरड पीठ आणि मीठ. कपाळावर आसव ओतायचं, सुरी पाठीवरून फिरवायची, मारायची नाही. ‘इम्मोलारे’ हे क्रियापद या पिठावरूनच आलं. या क्षणी जनावर माणसाच्या मालकीतून देवाच्या मालकीत गेलं. मग कापणं, आणि आतड्या-काळजाची तपासणी : यकृत, फुफ्फुस, पित्ताशय, हृदय, उदरपटल. सगळं नीट असेल तर देवाने स्वीकारलं. नसेल तर दुसरं जनावर आणून पुन्हा पहिल्यापासून.

नंतर हे आतले अवयव शिजवायचे. बैलाचे मडक्यात उकडून, डुकराचे आणि मेंढ्याचे सळईवर भाजून. ते देवाचे. वेदीवर जाळून देवाचं जेवण झालं की यजमान उरलेल्या मांसाला हात लावून ते माणसांसाठी मोकळं करतो. याला ते ‘प्रोफानारे’ म्हणत.

प्रसादात देवाने आपलं उष्टं कृपेने परत दिलेलं असतं. देवाचा स्पर्श झाला म्हणून त्याचं मोल. रोममध्ये उलट, देवाचा वाटा वेगळा निघाला आणि उरलेल्यावरची देवाची मालकी उठवली म्हणून ते खाता येतं. देवाचं म्हणून खाल्लं असतं तर ती चोरी झाली असती. शाइड यांचा सगळा भर या वाटणीवर आहे : देव आधी जेवतात, मग माणसं मानाच्या क्रमाने. कोण कुणाच्या वर, हे ताटातून ठरतं. ग्रीक यज्ञावर व्हर्नां आणि देतिएन यांच्या गटाने १९७९ मध्ये अशाच दिशेने काम प्रसिद्ध केलं होतं, त्याचा परिणाम इथे उघड दिसतो. तेव्हा साधं ‘यज्ञानंतरचं भोजन’ लिहावं.

पूर्वपक्ष

मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. ‘करणं हेच मानणं’ ही मांडणी फारच राजधानीची आणि वरच्या वर्गाची आहे. बारा सिनेटर, त्यातला एक सम्राट, सरकारी खर्च, संगमरवरी दप्तर. यावरून ओस्तिया या रोमच्या बंदरातल्या हमालाचा धर्म कसा कळेल? ग्रेग वूल्फ, आंद्रेआस बेंडलिन यांनी नगर-धर्म, म्हणजे धर्म हा मुळात नगरराज्याचा सार्वजनिक व्यवहार, या चौकटीवर टीका केली ती याचसाठी. एर्फुर्टला योर्ग र्‍युप्के यांनी २०१२ ते २०१७ मध्ये ‘जगलेला प्राचीन धर्म’ हा प्रकल्प चालवला, त्यात व्यक्ती, घर, नवसाच्या छोट्या मूर्ती, शरीराच्या अवयवांच्या मातीच्या प्रतिकृती हे सगळं मध्यभागी आणलं. तिथे माणसं नियम वाकवताना, उसने घेताना, नवं काढताना दिसतात.

शिलाशोध

आक्षेप वजनदार आहे आणि शाइड यांनी तो टाळलेला नाही. २०१३ चं त्यांचं ‘देव, राज्य आणि व्यक्ती’ हे पुस्तक याच वादासाठी लिहिलेलं आहे. क्लिफर्ड अँडो यांनी २०१६ मध्ये इंग्रजीत आणलं.

त्यांचं उत्तर थोडक्यात : राज्य एका बाजूला आणि व्यक्ती दुसऱ्या बाजूला, ही विभागणीच रोमची नाही. रोमन माणूस एकाच वेळी घराचा, वाड्या-वस्तीचा, धंद्याच्या मंडळीचा, सैन्यतुकडीचा आणि नगराचा असे. प्रत्येक गटाचे देव, प्रत्येक गटाचा यजमान. हमालाचा धर्म त्याच्या मंडळीचा धर्म होता, आणि त्या मंडळीच्या विधीचं व्याकरण मोठ्या मंडळासारखंच होतं. धर्म म्हणजे आतली वैयक्तिक श्रद्धा, बाहेरचं ते नुसतं कवच, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट जर्मन विचारातून इतिहासलेखनात शिरली, असं ते दाखवतात.

व्याकरणाचा मुद्दा मला पटतो. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या केटोचं शेतीवरचं पुस्तक बघा, प्रकरण १३९. साधा शेतकरी देवराई विरळ करणार आहे. तोही आधी डुकराचं प्रायश्चित्त करतो आणि ‘तू देव असलास वा देवी असलीस, ज्याची कुणाची ही जागा आहे’ असंच म्हणतो. आर्वाल लेखाच्या तीनशेहून अधिक वर्षं आधी, संगमरवर नाही, सम्राट नाही.

पण नवसाच्या त्या मातीच्या अवयवांबद्दल शाइड यांच्याकडे सांगण्यासारखं कमी आहे, हे मान्य. तिथे र्‍युप्के वाचावेत.

ठसेकर

पूर्वपक्ष यांच्या मुद्द्याला दगडाच्या बाजूने एक जोड. हे लेख विधीची पोथी नाहीत. काम झालं, नियमाने झालं, याची ती नोंद आहे. ज्युलिओ-क्लॉडियन काळात देआ दिआच्या उत्सवावर दोन-चार ओळी आणि सम्राटाचे वाढदिवस, नवस यांवर पानंच्या पानं. तिसऱ्या शतकात उत्सवाचं वर्णन लांबत जातं. म्हणून २१८ च्या लेखातले तपशील उचलून ‘ऑगस्टसच्या काळी असं होत असे’ लिहिणं ही या विषयातली सगळ्यात जास्त दिसणारी चूक. आधी होत नव्हतं की फक्त लिहीत नव्हते, हे प्रत्येक तपशिलाला वेगळं विचारावं लागतं.

दुसरी चूक चौकोनी कंसांची. छापील संहितेत चौकोनी कंसातलं म्हणजे दगडावर नाही, संपादकाने भरलेलं. गोल कंसातलं म्हणजे कोरक्याने संक्षेप केलेलं, संपादकाने सोडवलेलं. अक्षराखाली टिंब म्हणजे अक्षर अर्धवट. साचेबंद वाक्यं असल्याने भरणं सोपं जातं, आणि मग तेच भरलेलं वाक्य ‘या वर्षीही हा विधी झाला’ म्हणून पुरावा ठरतं. हे वर्तुळ आहे. जालावरच्या शिलालेख-कोशांतून मजकूर उचलताना हमखास फसायला होतं, कारण काही ठिकाणी ओळी तोडलेल्या नसतात आणि जुना हेन्त्सेनचा पाठ तसाच पडलेला असतो. लॅटिन लेखसंग्रहाच्या सहाव्या खंडातला क्रमांक आणि १९९८ च्या संहितेतला क्रमांक वेगळे आहेत. दोन्ही टिपून ठेवा.

लेकुरवाळी

कॉलेज द फ्रान्समध्ये विद्यार्थी नसतात म्हणे. मग शिष्य कुठे घडले?

शिलाशोध

तिथे प्रवेश नाही, परीक्षा नाही, पदवी नाही. १५३० पासूनची संस्था. व्याख्यानं सगळ्यांना खुली आणि फुकट, पण प्राध्यापकाने दरवर्षी नवीन विषय शिकवायचा, जुन्या टिपा चालत नाहीत. अध्यासनही वारशाने पुढे जात नाही. जागा रिकामी झाली की प्राध्यापकांची सभा आधी विषय काय असावा यावर मत देते, माणूस कोण ते दुसऱ्या फेरीत. पॉल व्हेन यांचं रोमच्या इतिहासाचं अध्यासन १९९८ ला संपलं आणि २००१ मध्ये शाइड आले ते धर्म आणि संस्था या शीर्षकाने. शीर्षक बदलणं हाच तिथला निर्णय असतो.

शिष्य घडतात ते एकोल प्रातिकमध्ये. १८६८ ची संस्था, धर्मशास्त्रांचा विभाग १८८६ चा. तिथे व्याख्यान नाही, चर्चासत्र. एका टेबलाभोवती एक लेख घेऊन ओळीओळीने बसायचं. १९९८ ची संहिता याच वर्षांत तयार झाली.

तिसरी संस्था रोमची, पालात्सो फार्नेझेमधली एकोल फ्रान्सेझ. तरुण अभ्यासकाला थोडी वर्षं राहायला जागा, ग्रंथालय आणि खोदकामाची संधी. अठ्ठाविसाव्या वर्षी माणूस दगडांच्या गावात राहायला गेला, त्यातून ला माल्याना उभं राहिलं. पुढे ट्युनिशियात जेबेल ऊस्तच्या तीर्थजलाच्या जागेचं खोदकामही ब्रुआझ यांच्याच साथीने झालं.

पूर्वपक्ष

सुरुवात करणाऱ्याने काय क्रमाने वाचावं? लॅटिन कच्चं आहे असं धरा.

लूकुस

आधी शाइड यांचा रोमन धर्माचा छोटा परिचयग्रंथ. मूळ १९९८, जॅनेट लॉइड यांचा इंग्रजी अनुवाद २००३. त्यातलं यज्ञावरचं प्रकरण दोनदा. मग केटोची प्रकरणं १३२ ते १४१, सगळी मिळून काही पानं. त्यानंतर १८३ चा लेख आणि फक्त बळींची यादी. देवता, जनावर, नर-मादी, खच्ची की नाही, संख्या असे पाच रकाने आखून स्वतः भरा. शब्द मोजकेच आणि पुन्हा पुन्हा येणारे आहेत, कच्च्या लॅटिनलाही झेपतं. तो तक्ता झाला की २२४ चा लेख त्याच रकान्यांत.

आणि देवळाचं दार बंद करून म्हटलं जाणारं ते गाणं, जे २१८ च्या लेखात आहे, शेवटी ठेवा. सगळे तिथूनच सुरू करतात, कारण ते सर्वांत जुन्या लॅटिनपैकी मानलं जातं. पण दगड २१८ चा आहे हे विसरलं जातं. लेखातच लिहिलंय की बंधूंनी वस्त्रं खोचली, हातात पुस्तकं घेतली, वाचत नाचले आणि नंतर सेवक पुस्तकं घेऊन गेले. पाठ नव्हतं. प्रत्येक ओळ तीनदा कोरली आहे, फक्त शेवटचा ‘त्रिउंपे’ पाचदा. तीनदा कोरलेल्या दुसऱ्या ओळीत एकाच शब्दाची अक्षरं दर वेळी तीच नाहीत : एकदा ‘सिन्स’, पुन्हा ‘सिन्स’, मग ‘सेर्स’. एकदा ‘प्लेओरेस’, मग ‘प्लेओरिस’.

गोदाकाठ

मग कुठला पाठ खरा धरायचा?

लूकुस

तिन्ही टिपायचे, जसे आहेत तसे. १७७८ मध्ये सेंट पीटरच्या वस्त्रागाराचा पाया खणताना तो दगड निघाला, तेव्हापासून लोक एक पाठ निवडून बाकीचे गाळत आले आहेत. १९९८ च्या संहितेत ओळी दगडाप्रमाणे आहेत. तीच समोर ठेवून वाचा, आणि हे आठवा की देवराईत लोखंड चालत नसे. अक्षरं कोरायला छिन्नी आत न्यायची म्हणून एक डुकरीण आणि एक कोकरी असं प्रायश्चित्त होई, काम संपून छिन्नी बाहेर काढताना पुन्हा. आणि त्या प्रायश्चित्ताची नोंदही त्याच छिन्नीने दगडावर कोरलेली आहे.